समुद्र नावाची शाखा

राजश्री तोडणकर आमच्या वाचनालयाची ग्रंथपाल आहे, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली बसून ती दिवसभर बोलते. पाटी तिनेच लावलेली आहे. एकदा मी म्हटलं, "अगं, निदान ती पाटी तरी काढ." तर म्हणाली, "बाई, ती सभासदांसाठी आहे."

मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. त्याआधी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, त्यामुळे एखादा जीव असा का वागतो हे बघत बसायची खोड जुनीच. राजश्रीला बरीच वर्षं बघते आहे, आणि ती मला अजून पुरती कळलेली नाही. आलेल्या माणसाची ती आधी घरची चौकशी करते, मग काय वाचायचंय ते विचारते, आणि मग तिसरंच पुस्तक त्याच्या हातात ठेवते. बहुतेकदा ते त्याला आवडतं. नाही आवडलं तर "तुम्ही घाईत वाचलंत" म्हणून तेच पुन्हा देते. नवी वस्तू दिसली की हात लावल्याशिवाय तिला राहवत नाही. झेरॉक्सचं मशीन, इन्व्हर्टर, माझं कानातलं यंत्र, सगळ्यांची बटणं तिने दाबून पाहिलेली आहेत. कानातल्या यंत्राची तर मी ते कानात घातलेलं असताना.

वाचनालय मिऱ्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आजूबाजूची निम्मी घरं बोटीवर जाणाऱ्यांची. बोट म्हणजे इथे मच्छीमारांची होडी समजायची नाही. परदेशी कंपन्यांची मोठी व्यापारी जहाजं, आणि त्यांच्यावर आमच्याकडचे इंजिनावर काम करणारे मोटरमन, खलाशांचे मुकादम म्हणजे बोसन, आणि कुक. एकदा चढले की नऊ महिने उतरत नाहीत, कधी त्याहून जास्त.

या लोकांसाठी आमच्याकडे एक पद्धत आहे, आणि ती दुसऱ्या कुठल्या वाचनालयात असेल असं मला वाटत नाही. साध्या सभासदाला दोन पुस्तकं, पंधरा दिवस. बोटीवर चाललेल्याला मात्र गठ्ठा. मेणकापडाच्या पिशवीत मावतील तेवढी पुस्तकं, आणि परत कधी करायची तर 'उतरलास की'. पुढे काय होतं ते तर आणखी गमतीचं. एखाद्या बंदरात आपल्याकडचा माणूस दुसऱ्या जहाजावर भेटला की हे लोक पुस्तकं बदलतात. याची वाचून झालेली त्याला, त्याची याला. त्यामुळे मिऱ्याच्या माणसाने नेलेली कादंबरी मालगुंडच्या माणसाच्या बॅगेतून परत येते. एकदा केळशीचा एक जण, आमचा सभासदही नाही, एसटीने येऊन दिवाळी अंक देऊन गेला होता. या देवघेवीचा हिशेब कोणी ठेवत नसे. राजश्री नावापुढे फक्त 'बोट' असं लिहायची आणि बाकीचं डोक्यात ठेवायची. कधी काही हरवायचंही. तिचं म्हणणं, फार नाही.

ही पद्धत ती सोडायला तयार नाही याचं कारण घरातलंच आहे. तिचा नवरा संदेश पूर्वी मोटरमन होता. पाठ गेली तसा उतरला, आता रेल्वे स्टेशनवर रिक्षा चालवतो. मी त्याला एकदा विचारलं, बोटीवर सगळ्यात वाईट काय? मला वाटलं, वादळ म्हणेल.

"वादळात काय बाई, काम असतं. नांगर टाकून उभं ऱ्हायचं, ते वाईट. बंदरात जागा नाय म्हणून महिना महिना बाहेर उभे. किनारा दिसतो, पण उतरायचं नाय. तीच तोंडं, तोच टेबल. तेव्हा मी एक रहस्यकथा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली होती."

"कशाला?"

"सरळ चार वेळा झालेली ना."

तर असं सगळं चाललं होतं आणि मग आम्ही संगणक आणला.

दोष कोणाचा नाही. आमचे कार्यवाह विनीत शेट्ये, बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख गृहस्थ. त्यांनी विषय काढला की वाचनालय संगणकावर घ्यायचं. एक विक्रेता आला. चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. त्याने आपलं सॉफ्टवेअर दाखवलं, दर वर्षी द्यायची रक्कम सांगितली. राजश्रीने एकच प्रश्न विचारला, "यात बोटीचा गठ्ठा बसेल?"

त्याला गठ्ठा समजावून सांगण्यात चहा गार झाला. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, असं कुठल्याच लायब्ररीत नसतं."

"आमच्यात असतं."

"मग तुम्हाला पद्धत बदलावी लागेल."

"मग नको," राजश्री म्हणाली आणि कपबश्या उचलल्या.

मग कॉलेजच्या ग्रंथपालाने 'कोहा' नावाच्या सॉफ्टवेअरची माहिती दिली. न्यूझीलंडमध्ये एका वाचनालयासाठी ते पहिल्यांदा तयार झालं आणि मग सगळ्या जगाला मोकळं सोडलं गेलं. विकत घ्यावं लागत नाही, आतली रचना उघडून बघता येते, आपल्याला हवी तशी फिरवता येते. आफ्रिकेत, आशियात, आपल्यासारख्याच अडचणीतल्या कितीतरी वाचनालयांत म्हणे तेच चालतं. मला हे पटेना. मी म्हटलं, "फुकट कोण देतं गं? काहीतरी पाणी मुरत असणार."

राजश्री म्हणाली, "बाई, तुम्ही इतकी वर्षं फुकट कमिटीवर येताच की. तुमच्यात काय मुरतंय?"

मी होकार दिला.

एका दुपारी कॉलेजातल्या माणसांनी आमच्या जुन्या संगणकावर ते बसवून दिलं. पुढचा सगळा पावसाळा राजश्री पुस्तकं त्यात भरत होती. तिला मदतनीस देऊ म्हटलं तर नको म्हणाली. कारण मला नंतर कळलं. पुस्तक भरताना ती मधूनच उघडायची आणि वाचत बसायची. मी जाऊन बघावं तर पडद्यावर अर्धवट नोंद आणि बाईसाहेब कोंबड्यांच्या रोगांवरच्या पुस्तकात गुंतलेल्या. "तुझ्याकडे कोंबड्या आहेत?" "नाहीत ना, म्हणून तर." कोहाचा मराठी चेहराही अर्धाच होता, म्हणजे वरचं बटण मराठीत आणि खालचं इंग्रजीत. तिला त्याची अडचण वाटली नाही. न कळलेलं बटण दाबून बघायचं, हा तिचा शिरस्ता.

आणि तिथेच घोळ झाला.

सगळे सभासद तिने एकाच प्रकारात भरले होते, पंधरा दिवसवाले, आणि बाहेर असलेली पुस्तकं वहीतल्या जुन्या तारखांनिशी. बोटीवाल्यांचं नंतर बघू म्हणाली. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. मुदत उलटून फार दिवस झाले की ते पुस्तक हरवलं असं धरायचं आणि सभासदाला फोनवर तसा संदेश पाठवायचा. ही सोय चालू केली नाही तर बंदच असते. राजश्रीने चालू केली. का, तर "बघूया काय करतं ते." आणि जेवायला घरी गेली.

आता बोटीवाल्यांचा नंबर म्हणून आमच्याकडे काय असतं? घरचा. तो समुद्रावर, त्याचा फोन लागत नाही, म्हणून अर्जावर आईचा नाहीतर बायकोचा नंबर. सगळे संदेश तिथे गेले. 'श्री. गौरव नागवेकर यांच्या नावावरील पुस्तके हरवली आहेत असे धरण्यात आले आहे.'

मी त्या दुपारी वर्तमानपत्रं चाळत बसले होते. गौरवची आई सोनूबाई धावतच आत शिरली. हाताला मासळीचे खवले तसेच, फोन पदरात धरलेला.

"राजश्री! कुठे गेली ती? काय झालां माझ्या पोराला ता सांगा आधी!"

मी म्हटलं, "काही झालं नाही हो. पुस्तकांचा निरोप आहे."

"पुस्तकां हरवली म्हणून लिवलंय!"

"मग पुस्तकंच हरवली."

"बाई, तुमी शिकलेल्या ना? पुस्तकां त्याच्या पिशवीत. पिशवी त्याच्या खोलीत. खोली बोटीत. पुस्तकां हरवली तर मग बोट कुठाय?"

तिच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते मला पटकन सापडेना.

तोवर आणखी दोघीतिघी आल्या. प्रत्येकीचा माणूस वेगळ्या जहाजावर, पण निरोप तोच. एवढ्या बोटींना एकदम काय होईल, असा विचार कोणी करत नव्हतं, आणि करणारही नाही. बोटीवाल्याच्या घरात अवेळी आलेला निरोप कोणी शांतपणे वाचत नाही. राजश्री आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाठोपाठ संदेश रिक्षा लावून आला.

"आत्या, बस आधी," तो सोनूबाईला म्हणाला. "बोटीला काय झालां तर कंपनीचा फोन येतो. लायब्ररीला आधी कसा कळेल?"

"कळलां नाय तर लिवलां कसां?"

"मशीनने लिवलं."

"मशीनला कोणी सांगितलां?"

सगळ्यांनी राजश्रीकडे बघितलं. ती म्हणाली, "मी. बटण दाबलं."

"मेल्ये!" सोनूबाई म्हणाली आणि बाकावर बसली.

गौरवचा फोन लागेना. जहाज भर समुद्रात होतं, तिथलं इंटरनेट कधी असतं कधी नसतं. राजश्रीने त्याला निरोप टाकून ठेवला आणि आम्ही बसून राहिलो. बाकीच्यांना उत्तरं आली, त्या गेल्या. सोनूबाई बाकावर तशीच. चहा दिला, घेतला नाही. चार वाजून गेल्यावर केव्हातरी राजश्रीचा फोन वाजला. गौरवचा आवाजातला निरोप होता. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"काय गो राजश्रीताई, पुस्तकं माझ्या उशाशी आहेत. एक कुकने नेलंय. त्याला मराठी येत नाय, पाककृतीचे फोटो बघतो. आणि आईला सांग जेवून घे, ती जेवली नसणार."

सोनूबाई उठली, पदराने तोंड पुसलं आणि दारात वळून म्हणाली, "त्या कुकाकडून आण म्हणावं आधी पुस्तक." आणि गेली.

हे संध्याकाळपर्यंत विनीतरावांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते आले. ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत, समोर खुर्ची ओढून बसतात. त्यांनी संगणकावर 'हरवलेली' म्हणून आलेली यादी बघितली. लांबलचक होती.

"राजश्री, ही पुस्तकं कुठे आहेत?"

"बोटींवर."

"कोणत्या पुस्तकाला कोणती बोट?"

राजश्रीने काही सांगितली, काहींना अडखळली. पूर्वी हे सगळं तिच्या डोक्यात असायचं हे खरं, पण आपापसात बदललेली पुस्तकं तिच्याही डोक्यात नव्हती. आजवर कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"मला वार्षिक अहवालात सही करायची असते," विनीतराव म्हणाले. "आहेत म्हणून लिहू की गेली म्हणून लिहू? कुणाच्या उशाशी आहेत असं लिहिता येत नाही. ही गेली म्हणून काढून टाकू, आणि गठ्ठा बंद करू. बोटीवाल्यांना दोन पुस्तकं, पंधरा दिवस, सगळ्यांसारखी."

"पंधरा दिवसांत तो पहिल्या बंदरालासुद्धा पोचत नाही!"

"मग घरी आल्यावर वाचेल. रविवारी सभेत ठरवू."

त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. माझंही मत तेव्हा त्यांच्याच बाजूला झुकलं होतं, तसं मी राजश्रीला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "बाई, ईशाची पिशवी रविवारी भरायची आहे."

ईशा मयेकर आमची सभासद. आमच्या भागातून बोटीवर निघालेली पहिली मुलगी, डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरची शिकाऊ अधिकारी म्हणून. रविवारी दुपारच्या गाडीने ती मुंबईला जायची होती आणि तिथून जहाजावर. तिच्या पिशवीसाठी राजश्रीने महिनाभर पुस्तकं बाजूला काढून ठेवली होती. आता सभा रविवारी सकाळी. गठ्ठा बंद झाला तर पोरीला दोन पुस्तकं देऊन वाटेला लावायचं, आणि पंधरा दिवसांनी तिच्या आईला निरोप. राजश्री म्हणजे नवऱ्याने नांगरावर काढलेले दिवस ऐकलेली बाई. पहिल्याच खेपेला पोरगी रिकाम्या हाताने जाते आहे, हे तिला गिळवेना.

मग ती त्या कोहाच्या मागे लागली. मला उत्सुकता होती म्हणून मी रोज जाऊन बसू लागले. तिने आधी मुदत वाढवून बघितली. वर्षाची केली. पण पुस्तक हातोहात बदलतं त्याचं काय? गौरवच्या नावावरचं पुस्तक दुसऱ्याकडे गेलं की मशीनच्या लेखी ते गौरवकडेच. विनीतरावांचा प्रश्न तसाच राहत होता, 'कुठे आहे?'

कोहा वापरणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे अडचण लिहिली तर कोणीतरी उत्तर देतं, असं कॉलेजच्या ग्रंथपालाने सांगितलं. राजश्रीने मला धरलं. ती मराठीत सांगणार, मी इंग्रजीत लिहिणार. तिने सांगायला सुरुवात केली ती सोनूबाईच्या हातावरच्या खवल्यांपासून.

"अगं, त्यांना काय करायचंय सोनूबाईशी? मुद्द्याचं सांग."

"सोनूबाई हाच मुद्दा आहे."

"मुद्दा असा की पुस्तक समुद्रावर आहे आणि कोणाकडे ते माहीत नाही. चार ओळीत होतं."

मी चार ओळी लिहिल्या. तिने त्या वाचल्या, मान हलवली आणि मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सोनूबाई, खवले, कुक, सगळं खाली जोडून पाठवून दिलं. मी चिडले. पाठवलेलं परत कसं घेणार?

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, फिलिपिन्समधल्या एका ग्रंथपाल बाईचं. त्यांच्याकडची तर घरंच्या घरं जहाजांवर. तिने लिहिलं होतं की तुमच्या सोनूबाईचं वाचून मला माझी मावशी आठवली, म्हणून लगेच लिहिते आहे. म्हणजे मी काढून टाकलेल्या भागाला उत्तर आलं होतं. राजश्रीने मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

त्या बाईचं वाचनालय आसपासच्या छोट्या बेटांवर होडीने पुस्तकं पाठवतं. तिने एवढंच सांगितलं होतं: तुम्ही तुमच्या माणसांना उशीर करणारे सभासद समजता आहात. समुद्राला जागा समजा. मोठ्या वाचनालयाला जशा शाखा असतात, तशी समुद्र ही तुमची शाखा करा. पुस्तक तिथे 'गेलेलं' असेल, हरवलेलं नाही. तिथल्या तिथे एकाने परत केलं आणि दुसऱ्याने घेतलं, अशी नोंद तुम्ही घरी बसून घालू शकता, त्याने फक्त कळवायचं.

राजश्रीने खुर्ची मागे सरकवली. "बाई, हे बघा!" पडद्यावर प्रत्येक पुस्तकापुढे दोन रकाने होते. एक पुस्तकाचं वाचनालय, दुसरं सध्या जिथे आहे ते वाचनालय. पावसाळाभर तिने दोन्हीत एकच नाव भरलं होतं, कारण आमचं वाचनालय एकच. "कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता. आमच्या माणसांना असतो तसा. पहिल्या दिवसापासून हे इथे होतं आणि मी बघितलं नाही!"

आणखी उत्तरं येत राहिली. केनियातल्या एकाला आमच्या मेणकापडाच्या पिशवीत किती पुस्तकं मावतात ते हवं होतं, कारण त्याला मोटारसायकलवरून पुस्तकं न्यायची होती. नेपाळमधल्या एकाने घरच्या फोनवर निरोप जाणार नाही अशी व्यवस्था शाखेपुरती कशी करायची ते पायरीपायरीने लिहिलं. मी राजश्रीला विचारलं, "या लोकांना आपल्यासाठी वेळ कसा काय मिळतो?"

"विचारलं म्हणून."

"एवढंच?"

"तुम्हाला कोणी खेकड्याविषयी विचारलं तर तुम्ही थांबता काय?"

मग तिने गावातल्या बोटीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फर्मान काढलं. आपल्याकडे असलेल्या प्रत्येक पुस्तकाचा फोटो पाठवा. कोणाचं आहे ते मी बघते. रविवारपर्यंत.

सभेला नेहमी आम्ही कमिटीचे सात-आठ जण असतो. त्या रविवारी बाकं भरली. बोटीवाल्यांच्या घरच्या बायका आल्या होत्या, पुढे सोनूबाई. ईशा दाराशी बॅगेवर बसली होती, आत बोलावलं तरी येईना.

राजश्रीने संगणक वळवून सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि फोटो दाखवायला लागली. झोपायच्या बंकवर ठेवलेली पुस्तकं, इंजिनाच्या खोलीत, एक तर लाइफ जॅकेटवर. विनीतराव आपल्याकडच्या यादीशी ताडून बघत होते. बरीच जुळली. काही भलत्याच माणसाकडे होती, पण होती. काहींचा पत्ता लागला नाही.

"ही?" विनीतरावांनी बोट ठेवलं.

"ही गेली," राजश्री म्हणाली. "एक पिशवी कुठल्यातरी बंदरात टॅक्सीत राहिली. त्याने तेव्हा सांगितलं नाही, आता सांगितलं. आणि ही दोन, मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणून लिहू?"

"लिहा. खरं तेच आहे."

मग तिने शाखेचं सांगितलं. ऐकून एक सभासद हसले. विनीतराव हसले नाहीत.

"शाखा म्हटली की इमारत लागते, शाखाधिकारी लागतो. मी होतो, मला माहीत आहे. समुद्राचा शाखाधिकारी कोण?"

"मीच. वरती नाव बदललं की मी समुद्रात." तिने बदलून दाखवलं. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात 'समुद्र' आलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "पोहता येतं का पण?" त्यावर बायका हसल्या.

विनीतरावांनी तो कोपरा चष्मा वर करून बघितला. मग म्हणाले, "ठीक आहे. पुस्तक कुठे आहे ते कळणार असेल तर माझी हरकत निम्मी गेली. उरली निम्मी. परत कधी येणार? मशीन तारीख मागतं ना?"

मागत होतं. राजश्रीने रिकाम्या चौकटीवर बाण नेऊन ठेवला. तारीख घातल्याशिवाय पुढे सरकत नव्हतं. तिला यावर काही सुचलेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरूनच दिसलं.

"काँट्रॅक्ट संपायची तारीख घाल," विनीतराव म्हणाले. "सरळ आहे."

"तारीख नको घालूस," सोनूबाई म्हणाली.

"का?"

"आमी घरातसुद्धा तारीख बोलत नाय. बदली माणूस आला नाय की बोट सोडत नाय, मग तारीख पुढे जाते. बोललेली तारीख गेली ना, की घरात जेवण जात नाय." मागच्या बायकांनी माना हलवल्या. "कॅलेंडरावर खूण करत नाय आमी."

विनीतरावांच्या घरचं पिढ्यान्‌पिढ्या किराण्याचं दुकान. बोटीवर त्यांच्याकडचं कधी कोणी गेलं नाही. याच रस्त्यावर जन्म काढून हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ते खुर्चीत पुढे झाले आणि खरोखर कुतूहलाने त्यांनी विचारलं, "मग घरात तुम्ही काय म्हणता? कधी येणार असं पोरांनी विचारलं तर?"

"उतरला की येईल म्हणतो."

"आणि तेवढ्याने भागतं?"

"भागवतो."

मग विनीतराव राजश्रीला म्हणाले, "हे मशीन कितीही लांबची तारीख घेतं का?"

"घेतं."

"मग कोणालाच आपली वाटणार नाही एवढी लांबची घाल. शंभर वर्षं पुढची. ती मशीनसाठी. आपल्यासाठी दर वर्षी मार्चमध्ये फोटो मागवायचे, ज्याचा फोटो नाही त्याने उतरल्यावर बदली पुस्तक द्यायचं. आणि घरच्या फोनवर एकही निरोप जाता कामा नये." ते आमच्याकडे वळले. "ठराव मी मांडतो. अनुमोदन?"

मी हात वर केला. माझं मत बदललं होतं, आणि ते मान्य करायला मला वेळ घालवायचा नव्हता. बाकीच्यांचेही हात वर झाले. एकाने विचारलं की शंभर वर्षांनी हिशेब कोण बघणार. विनीतराव म्हणाले, "तुम्ही नाही, एवढं नक्की."

"ईशा!" राजश्री ओरडली. "आत ये, गाडी चुकेल!"

पुस्तकं टेबलावर आली. राजश्री एकेक मशीनवर चढवत होती आणि पिशवीत भरत होती. विनीतराव उभं राहून प्रत्येक वेळी तारीख नीट पडते का ते बघत होते. पिशवी भरली तशी त्यांनी ती उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली.

"एवढं सगळं वाचशील तू?"

ईशा म्हणाली, "मी नाही वाचलं तर कोणीतरी वाचेलच ना, काका."

"आधी तू वाच," राजश्री म्हणाली आणि पिशवीची नाडी ओढून घट्ट बांधली.